अमेरिकेत मुलाने हायस्कूल सोडलं तर: नॅशनल गार्डच्या यूथ चॅलेंजची वाट, पहिल्या बोलण्यापासून परतीनंतरच्या वर्षापर्यंत

मुलाने हायस्कूल सोडलं ही गोष्ट अमेरिकेतल्या मराठी घरांत फार दिवस दाराआड राहते. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं तर "सध्या ऑनलाइन चालू आहे" म्हणून विषय बदलतात, आणि भारतात आजी-आजोबांच्या कानावर तर काहीच जाऊ देत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका आईने मला रात्री उशिरा फोन केला तेव्हा तिचा मुलगा चार महिने शाळेत गेला नव्हता. सतरा वर्षांचा पोरगा, दिवसभर झोप, रात्रभर स्क्रीन. "एखादी मिलिटरी शाळा माहीत आहे का हो? त्याला वळण लावेल अशी," एवढंच तिने विचारलं. पुढे तो यूथ चॅलेंजमध्ये गेला आणि मी त्याचा मेंटॉर, म्हणजे परतल्यावर त्याला सोबत करणारा मोठा माणूस, झालो. त्या दीड वर्षात जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे, कारण त्या रात्री मला तिला धड काहीच सांगता आलं नव्हतं.

आधी समजून घ्या, हे काय आहे

नॅशनल गार्ड म्हणजे राज्याराज्यांचं राखीव सैन्यदल. पूर आला, वादळ आलं की ट्रक घेऊन मदतीला येतात ते हेच. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, मंजुरीने १९९३ मध्ये त्यांनी शाळा सुटलेल्या मुलांसाठी एक निवासी कार्यक्रम प्रयोग म्हणून सुरू केला आणि १९९८ मध्ये तो कायमचा झाला. नाव नॅशनल गार्ड यूथ चॅलेंज प्रोग्राम. 'चॅलेंज' या शब्दातली एन आणि जी ही अक्षरं मुद्दाम मोठी छापतात, ती नॅशनल गार्डची आद्याक्षरं म्हणून. आज निम्म्याहून जास्त राज्यांत, शिवाय वॉशिंग्टन डीसी आणि प्वेर्तो रिकोत तो चालतो. खर्चाचे पंचाहत्तर टक्के केंद्र सरकार देतं, पंचवीस टक्के राज्य. राहणं, जेवण, शिक्षण यांचा एक पैसाही पालकांकडून घेत नाहीत.

कार्यक्रम तीन टप्प्यांचा आहे. पहिले २ आठवडे जुळवून घेण्याचे, मग २० आठवडे निवासी शिक्षणाचे, आणि त्यानंतर घरी परतल्यावर मेंटॉरच्या सोबतीने १२ महिने. म्हणजे मूल पाच महिन्यांहून थोडं जास्त तिथे राहतं, पण कार्यक्रम जवळपास दीड वर्षाचा असतो. बहुतेक पालकांना ते पाच महिनेच दिसतात. मलाही सुरुवातीला तेवढेच दिसले होते.

गणवेश आहे, कवायत आहे, बॅरॅक आहे, मुलांना 'कॅडेट' म्हणतात. तरीही ही सैन्यभरती नव्हे. बाहेर पडल्यावर सैन्यात जाण्याचं कसलंही बंधन नसतं. तुरुंगाऐवजीची शिक्षाही नव्हे, कोर्ट कोणाला इथे राहायला भाग पाडू शकत नाही. आणि हे व्यसनमुक्ती केंद्र किंवा मानसोपचाराचं ठिकाणही नव्हे. हे शेवटचं वाक्य पालकांनी दोनदा वाचावं. मुलगा खोलीतून बाहेर येत नाही यामागे नैराश्य असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार असतील, तर आधी डॉक्टर. ९८८ हा मानसिक संकटातल्या मदतीचा नंबर देशभर कुठूनही, कोणत्याही वेळी लागतो. पहाटेच्या व्यायामाने नैराश्य जाईल या आशेवर कोणी मुलाला इथे पाठवू नये.

भारतातून हमखास एक सल्ला येतो: "इकडे पाठवा, सातारच्या सैनिक शाळेत घालू." सातारची सैनिक शाळा १९६१ पासूनची नावाजलेली संस्था आहे, पण तिथे प्रवेश सहावीला आणि नववीला, तोही अखिल भारतीय परीक्षेतून. अमेरिकेत अकरावीत गळालेल्या मुलासाठी ती शाळा नाही. काका-मामांना हे एकदा प्रेमाने सांगून टाका, म्हणजे दर रविवारच्या फोनवर तोच विषय निघणार नाही.

खासगी बूट कॅम्प वेगळे, ते ओळखायला शिका

इंटरनेटवर 'मिलिटरी प्रोग्राम फॉर टीन्स' असं शोधलंत की सगळ्यांत वर ज्या जाहिराती येतात त्या बऱ्याचदा खासगी कंपन्यांच्या असतात. महिन्याला हजारो डॉलर फी, डोंगरातले फोटो, आणि "तुमचं मूल आम्ही बदलून देऊ" अशी हमी. काही ठिकाणी तर रात्री दोन माणसं घरी येऊन मुलाला झोपेतून उठवून घेऊन जातात, आणि त्याचे पैसे पालकच भरतात. या धंद्याचा इतिहास वाईट आहे. अमेरिकन सरकारच्याच लेखापाल कार्यालयाने २००७ मध्ये अशा निवासी कार्यक्रमांतल्या छळाच्या आणि मृत्यूंच्या प्रकरणांची माहिती काँग्रेससमोर ठेवली होती. सरकारी असलं म्हणजे निर्धोक असंही नाही. २००६ मध्ये फ्लोरिडात बालगुन्हेगारांसाठीच्या एका सरकारी बूट कॅम्पमध्ये १४ वर्षांचा मुलगा दगावला आणि त्यानंतर त्या राज्याने ते कॅम्प बंद केले. निवासी केंद्रांतल्या मुलांच्या छळाला आळा घालण्यासाठीचा केंद्रीय कायदा व्हायला डिसेंबर २०२४ उजाडलं.

म्हणून फोनवर पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी विचारा. फी किती? मुलाच्या स्वतःच्या संमतीशिवाय घेता का? मध्येच त्याला घरी यायचं म्हटलं तर काय होतं? यूथ चॅलेंजमध्ये उत्तरं सरळ आहेत: फी नाही, संमतीशिवाय घेत नाहीत, आणि त्याने जायचंच ठरवलं तर त्याला कोंडून ठेवत नाहीत.

पात्रता घरीच तपासा

वय १६ ते १८. शाळा सोडलेली असावी, किंवा क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याबद्दल मिळणारे गुणांक, इतके मागे असावेत की वेळेत हायस्कूलची पदवी मिळणं अवघड. पूर्ण वेळ नोकरी नसावी. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली किंवा खटला चालू असलेला मुलगा घेत नाहीत. शाळा बुडवणं, घरातून पळून जाणं अशा वयापुरत्या गुन्ह्यांची मात्र अडचण होत नाही. प्रवेशाच्या वेळी अमली पदार्थांची चाचणी होते. गांजा शरीरात काही आठवडे सापडू शकतो, तेव्हा "महिन्याभरापूर्वी बंद केलंय" हे मुलाचं म्हणणं खरं असलं तरी चाचणीत अडकू शकतं. डॉक्टरकडून आधीच तपासून घ्या.

कागदपत्रांबाबत आपल्या लोकांचा खास प्रश्न असतो. कायद्यातली अट नागरिक किंवा कायदेशीर रहिवासी अशी आहे. अमेरिकेत जन्मलेल्या किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला अडचण नाही. मूल एच-फोरवर, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असेल तर मात्र कोणा ओळखीच्याच्या सांगण्यावर विसंबू नका. आपल्या राज्याच्या केंद्राला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, आणि तुमच्या इमिग्रेशन वकिलालाही तोच प्रश्न विचारा.

केंद्र कुठे आहे तेही आधीच बघा. न्यू जर्सीत एडिसनच्या माणसाला फोर्ट डिक्स तसं जवळ आहे. लॉस एंजेलिसच्या बाजूला लॉस अलामिटोसला सनबर्स्ट, सॅन लुइस ओबिस्पोला ग्रिझली, शिकागोवाल्यांना रँटूलची लिंकन्स चॅलेंज अकॅडमी, सिएटलवाल्यांना ब्रेमर्टन. पेन्सिल्व्हेनियात फोर्ट इंडियनटाउन गॅपला २०२२ मध्ये नवं केंद्र निघालं. काही राज्यांत मात्र केंद्रच नाही.

मुलाशी बोला, आणि 'नाही' ऐकायची तयारी ठेवा

सगळं इथे ठरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या आईने सुरुवातीला मुलाला न सांगताच केंद्राला फोन लावला होता. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो शेजारी आहे का? मला त्याच्या तोंडून ऐकायचंय." तो नव्हता. त्या म्हणाल्या, "मग तो तयार झाला की त्यालाच फोन करायला सांगा." आईला तेव्हा राग आला, आपल्याला टाळतायत असं वाटलं. आज ती स्वतःच इतरांना सांगते की त्या दिवशी त्यांनी दार बंद केलं नाही, योग्य माणसासाठी उघडं ठेवलं.

धमकी म्हणून हा विषय काढू नका. "अभ्यास करत नाहीस ना, मग टाकतेच तुला मिलिटरीत," असं एकदा तोंडातून गेलं की पुढचे सहा महिने हा कार्यक्रम त्याच्या डोक्यात शिक्षा म्हणून बसतो. त्याऐवजी केंद्राचा माहितीचा दिवस असतो तिथे त्याला घेऊन जा, आणि शेजारी बसून स्वतः प्रश्न विचारू नका, त्याला विचारू द्या. आमच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला होता, "इथे रात्री झोपू देतात का?" आई लाजली. पण चार महिने रात्री जागणाऱ्या मुलासाठी तो अगदी खरा प्रश्न होता, आणि उत्तर देणाऱ्याने तो तसाच घेतला: नऊ-साडेनऊला दिवे बंद, पहाटे पाचच्या सुमारास उठायचं, पहिला आठवडा वाईट जातो, मग झोप आपोआप लागते.

फायद्याचं बोलाल तेव्हा खरं तेवढंच बोला. एमडीआरसी या संशोधन संस्थेने २००५-०६ मध्ये दहा केंद्रांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून हा कार्यक्रम तपासला. तीन वर्षांनंतर प्रवेश मिळालेल्या गटातल्या ७२ टक्के मुलांकडे हायस्कूलची पदवी किंवा जीईडी (पदवीच्या तोडीची परीक्षा) होती, न मिळालेल्या गटात ५६ टक्क्यांकडे. कॉलेजचे थोडे तरी क्रेडिट मिळवलेले ३५ टक्के विरुद्ध १९ टक्के, आणि वर्षाची कमाई साधारण २० टक्क्यांनी जास्त. हा फरक मोठा आहे. पण गुन्ह्यांत आणि आरोग्यात तीन वर्षांनी दोन गटांत ठळक फरक राहिला नव्हता. शिवाय प्रवेश मिळालेल्यांपैकी निम्म्याहून थोडीच जास्त मुलं शेवटपर्यंत टिकली. मुलाला हेही सांगा. तेवढं सांगण्याइतका तो मोठा आहे, आणि न सांगितलेलं त्याला पहिल्या आठवड्यातच कळतं.

तो नाही म्हणाला तर? तर नाही. रात्रशाळा, कम्युनिटी कॉलेजमधले जीईडीचे वर्ग, क्रेडिट भरून काढणाऱ्या पर्यायी शाळा हे मार्ग आहेतच. जॉब कॉर्प्स हाही केंद्र सरकारचा मोफत निवासी कार्यक्रम १६ ते २४ वयासाठी आहे. मात्र २०२५ मध्ये सरकारने त्याची केंद्रं थांबवायचं जाहीर केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं, त्यामुळे तिकडे वळण्याआधी तुमच्या भागातलं केंद्र चालू आहे का ते बघा.

अर्ज

वर्षाला साधारण दोन तुकड्या असतात, एक जानेवारीच्या आसपास आणि एक जुलैच्या. जानेवारीसाठी सप्टेंबरमध्ये, जुलैसाठी मार्चमध्ये कामाला लागा. जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, लसीकरणाची नोंद, डॉक्टर-दंतवैद्याची तपासणी, आरोग्य विम्याची माहिती, शाळेचं ट्रान्सक्रिप्ट हे सगळं एका फाइलमध्ये गोळा करा. निवासी काळातही मुलाचा आरोग्य विमा तुमचाच चालू राहतो, तो बंद करू नका. मुलाला शाळेत आयईपी, म्हणजे खास शैक्षणिक गरजांसाठीची लेखी योजना, असेल तर त्याची प्रत द्या. लपवलीत तर वर्गात मिळायची ती मदत मिळत नाही.

आणि शाळा 'सोडली' म्हणजे कागदावर सोडली आहे का, ते बघा. नुसतं जाणं बंद केलं असेल तर गैरहजेरीची नोंद वाढत जाते. सक्तीच्या शिक्षणाचं वय राज्यागणिक वेगळं आहे, न्यू जर्सीत १६, कॅलिफोर्नियात १८. शाळेच्या काउन्सेलरला भेटा. अर्जात "तुला का यायचंय" असा छोटा निबंध बहुतेक ठिकाणी मागतात. तो मुलालाच लिहू द्या, मोडकातोडका असला तरी. तुमच्या हातचा निबंध चटकन ओळखू येतो.

मेंटॉर: सगळ्यांत महत्त्वाची निवड

अर्जाबरोबरच मेंटॉरचं नाव विचारतात, आणि आपली माणसं इथे घाई करतात. मेंटॉर म्हणजे घरी परतल्यानंतर वर्षभर मुलाच्या संपर्कात राहणारी मोठी व्यक्ती. ती आईवडिलांपैकी नको, त्याच घरात राहणारी नको, निदान २१ वर्षांची हवी, आणि साधारणपणे मुलासाठी पुरुष, मुलीसाठी स्त्री. पार्श्वभूमी तपासतात, प्रशिक्षण देतात, महिन्याला साधारण चार तासांचा संपर्क ठेवावा लागतो आणि त्याचा अहवाल द्यावा लागतो.

आईच्या मनात एक नाव पक्कं होतं: मंडळातले एक काका, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, स्वतःची दोन्ही मुलं नामांकित कॉलेजांत. मुलाने मान खाली घालून "नको" म्हटलं. कारण सांगेना. नंतर मला म्हणाला, "त्यांच्यासमोर मी कायम नापासच असणार." माझं नाव त्याने घेतलं ते एवढ्यासाठीच की लहानपणी रविवारी त्याला क्रिकेटला मी गाडीतून नेत असे आणि गाडीत अभ्यासाबद्दल कधी विचारत नसे.

म्हणून मुलाला विचारा: कोणाबरोबर तुला गाडीत अर्धा तास गप्प बसता येतं? ते नाव लिहा. तो बॅडमिंटनचा कोच असेल, शेजारचा पोस्टमन असेल, तुमच्या ओळखीचा नसेल. चालेल. फक्त तो जवळपास राहणारा हवा, आणि त्याला कामाची नीट कल्पना द्या.

पहिले दोन आठवडे

सामानाची यादी केंद्र देतं. पांढरे टी-शर्ट, मोजे, अंतर्वस्त्रं, टूथब्रश, ठरावीक रंगाचे बूट. प्रत्येक कपड्यावर मार्करने आडनाव लिहायचं. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बारा मोज्यांवर नाव घातलं. आडनाव लांबलचक, मोज्याच्या पट्टीवर मावेना, मग दोन ओळींत लिहिलं. तिथे सगळे आडनावानेच हाक मारतात, आणि पहिला आठवडा त्या आडनावाचे तीन-चार वेगळे उच्चार त्याने ऐकले.

फोन घरी ठेवावा लागतो. दागिने नकोत, गळ्यातलं लॉकेट, मनगटावरचा दोरा, जानवं असं काही असेल तर आधी विचारून घ्या. मुलांचे केस अगदी बारीक कापतात. मूल शाकाहारी असेल तर अर्जाच्या वेळीच लेखी कळवा आणि तिथे रोज नेमकं काय मिळेल ते विचारा, कारण "हो, सोय होईल" याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा निघतो. औषधं मूळ बाटलीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह द्या.

हे दोन आठवडे सगळ्यांत कठीण. केडर, म्हणजे मुलांवर देखरेख करणारी मंडळी, मोठ्या आवाजात बोलतात, पलंगाची चादर ताणून बसेपर्यंत पुन्हा घालायला लावतात. हात मात्र उगारायचा नाही. तुम्हाला त्याबाबत कधी शंका आली तर गप्प बसू नका, संचालकांना लेखी विचारा. बरीच मुलं या दिवसांतच परत येतात. घरून पत्रं पाठवत राहा, रोज चार ओळी पुरतात. मोठ्या भावाच्या पगाराच्या बातम्या त्यात नकोत. आमच्या मुलाचं पहिलं पत्र वहीच्या अर्ध्या पानावर, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत आलं: "आई, इथे वरण नाही. पाय दुखतात. मी राहतोय." आईने ते फ्रिजवर लावलं, आणि ते अजून तिथे आहे.

वीस आठवडे

दिवस साचेबंद असतो: व्यायाम, आंघोळ, नाश्ता, वर्ग, कवायत, कामं, अभ्यास, झोप. शिक्षणाबरोबर आरोग्य, नोकरीची तयारी, पैशाचा हिशेब, नेतृत्व असे एकूण आठ विषय आहेत, आणि निदान ४० तासांची समाजसेवा. पालकांनी एक गोष्ट नीट विचारून घ्यायची: शेवटी हातात काय पडणार? काही केंद्रांत हायस्कूलची पदवी मिळते, काहींत क्रेडिट मिळवून मूल आपल्या शाळेत परततं, काहींत जीईडी किंवा हायसेट परीक्षेची तयारी होते. जीईडीत चार विषय असतात, प्रत्येकात २०० पैकी १४५ हवेत. कम्युनिटी कॉलेजला जीईडी चालते. सैन्यात जायचं मनात असेल तर पदवी असलेल्याला वाट सोपी जाते, म्हणून मुलाचा कल तसा असेल तर केंद्र निवडतानाच बघा.

भेटीच्या दिवशी नक्की जा. डबा नेता येतो का ते आधी विचारा.

घरी परतल्यावरचं वर्ष

पदवीदानाच्या समारंभात सगळे रडतात. मुलगा ताठ उभा असतो, 'सर', 'मॅम' म्हणतो. घरी आल्यावर पहिले तीन दिवस पहाटे पाचला उठतो, चौथ्या दिवशी सात, आणि दहाव्या दिवशी अकरा. आमच्याकडे हे अगदी असंच झालं, आणि आईने घाबरून मला फोन केला. बावीस आठवडे भोंगा वाजवणारं कोणीतरी होतं. आता तो भोंगा नव्हता, आणि स्वतः उठण्याची सवय अजून लागायची होती.

म्हणून पहिल्या सोमवारी त्याला कुठे जायचंय हे तो परत येण्याआधीच ठरलेलं हवं. कार्यक्रमातच मुलं पुढच्या वर्षाचा लेखी आराखडा करतात. शिक्षण, नोकरी, सैन्य किंवा यांचं मिश्रण. त्याची प्रत मागून घ्या आणि त्यातली पहिली पायरी त्याच आठवड्यात सुरू होते आहे ना ते बघा. आमच्या मुलाची पहिली पायरी एका गोदामातली पहाटेची पाळी होती. वडिलांना ती कमीपणाची वाटली. पण त्या पाळीने त्याला पाचला उठवलं, आणि संध्याकाळी तो कम्युनिटी कॉलेजच्या वर्गाला बसू लागला. काही राज्यांत याच मुलांसाठी जॉब चॅलेंज नावाचा आणखी काही महिन्यांचा निवासी टप्पा आहे, कम्युनिटी कॉलेजबरोबर वेल्डिंगसारखं हाताचं काम शिकवणारा. हाताने काम करणाऱ्या मुलाला तो जरूर सुचवा.

जुना फोन परत देताना एकदा एकत्र बसा. कोणते नंबर ठेवायचे ते त्यालाच ठरवू द्या. त्याची खोली तो नसताना लावून ठेवू नका, त्याला स्वतः लावू द्या. चादर ताणून घालायला तो शिकून आलेला असतो.

मेंटॉरच्या भेटी पालकांनी वाटेत येऊन मोडू नयेत. "त्याला जरा समजवा" म्हणून मला दर आठवड्याला निरोप यायचा, आणि एकदा मी त्याच्या आईला हात जोडून सांगितलं की मी समजवायला लागलो की तो माझ्याशीही बोलणं बंद करेल. आम्ही महिन्यातून दोन शनिवार भेटायचो, बहुतेक वेळा त्याच्या कारचं काहीतरी दुरुस्त करत. सहाव्या महिन्यात त्याने नोकरी सोडली आणि दोन आठवडे कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं ते बॉनेटमध्ये डोकं घालून, माझ्याकडे न बघता. मी पाना पुढे केला आणि विचारलं, सोमवारी कुठे जाणार? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही तिथेच, ग्रीस लागलेल्या हातांनी, केंद्रातल्या त्याच्या जुन्या केस मॅनेजरला, म्हणजे परतल्यावरही त्याची विचारपूस करणाऱ्या कर्मचाऱ्याला, फोन लावला. वर्षभर हा नंबर चालू असतो. तो पालकांनी, मेंटॉरने आणि मुलाने, तिघांनीही आपापल्या फोनमध्ये ठेवायचा.